धार लावणे (सुरी व विळी)

सुरी, चाकू, विळी, कोयता यांसारख्या कापण्याच्या साधनांची बोथट झालेली कड एखाद्या अधिक कठीण पदार्थावर घासून पुन्हा तीक्ष्ण करण्याच्या क्रियेला धार लावणे असे म्हणतात. या क्रियेत पात्याच्या दोन्ही बाजूंचे धातूचे अत्यंत सूक्ष्म कण झिजवले जातात. दोन्ही बाजू एका रेषेत मिळाल्या की नवी धार तयार होते. स्वयंपाकघरातील सुऱ्या व विळी, खाटीक व मासे विकणारे यांच्या सुऱ्या आणि शिकारीसाठी घडवलेल्या सुऱ्या या सर्वांना हेच तत्त्व लागू पडते. फरक पडतो तो पोलादाचा, कोनाचा आणि वापराचा.

धारदार सुरी धोक्याची आणि बोथट सुरी निर्धोक, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात स्थिती बहुधा उलट असते. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेली सुरी कांद्याच्या किंवा टोमॅटोच्या गुळगुळीत सालीवरून घसरून बोटावर येते. धारदार पाते अल्प दाबाने आत शिरते व हाताच्या ताब्यात राहते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येण्याचाही धारेशी संबंध आहे. बोथट पाते कांद्याच्या पेशी कापण्याऐवजी चिरडते. त्यामुळे अधिक पेशी फुटतात आणि डोळ्यांना झोंबणारे द्रव्य अधिक प्रमाणात हवेत मिसळते.

संज्ञा व शब्द

धार लावण्याच्या दगडाला मराठीत निसणा किंवा साण म्हणतात. साण हा शब्द संस्कृत ‘शाण’ या शब्दापासून आला आहे. ‘पाजळणे’ या क्रियापदाचा एक अर्थ शस्त्राला धार देणे असा आहे व दुसरा दिवा पेटवणे असा. आजच्या बोलण्यात हे क्रियापद ‘अक्कल पाजळणे’ या उपहासाच्या प्रयोगातच मुख्यतः उरले आहे. शस्त्रे उजळण्याचा व त्यांना धार देण्याचा व्यवसाय करणाऱ्यास शिकलगार म्हणतात. मुळात अरबी ‘सैकल’ (उजळणे, चकाकी देणे) या शब्दाला फारसी प्रत्यय लागून तो शब्द तयार झाला आणि महाराष्ट्रात आडनाव म्हणूनही रूढ झाला. पाटा-वरवंट्याला टाकी लावणे हे काम मात्र निराळे आहे. त्यात दगड खरखरीत केला जातो, धार लावली जात नाही.

प्राचीन उल्लेख

धारेचा शास्त्रशुद्ध विचार भारतीय वाङ्मयात सुश्रुतसंहितेत आढळतो. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शल्यकर्मातील शस्त्रांच्या धारेची जाडी त्यांच्या कामानुसार ठरवून दिली आहे. भेदनासाठी मसुराच्या दाण्याएवढी, लेखनासाठी म्हणजे खरवडण्यासाठी त्याच्या अर्धी, वेधन व रक्तविस्रावणासाठी केसाएवढी आणि छेदनासाठी अर्ध्या केसाएवढी धार असावी, असे तेथे म्हटले आहे. शस्त्रांना क्षार, पाणी व तेल यांची ‘पायना’ देण्याचे तीन प्रकारही तेथे दिले आहेत. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घ्यावी आणि धार टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, असा निर्देश आहे. दगडावर धार काढायची आणि मऊ पृष्ठभागावर ती साफ करून राखायची, हा दोन टप्प्यांचा क्रम आजही बदललेला नाही. काम पाहून धारेची जाडी ठरवण्याचे सूत्र तर आधुनिक पुस्तकांतही जवळजवळ याच स्वरूपात भेटते.

धारेचे स्वरूप

पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. या रेषेला रुंदी नसावी ही कल्पना झाली. प्रत्यक्षात तिला सूक्ष्म गोलाई असतेच. उत्तम लावलेल्या धारेची गोलाई एक मायक्रॉनहून कमी असू शकते. तुलनेसाठी, माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते. क्षेत्रफळ जितके कमी तितका दाब अधिक, या नियमानुसार तीक्ष्ण कड थोड्या बळाने पदार्थ भेदते. सुरी नुसती दाबण्यापेक्षा पुढे-मागे सरकवली की बळ आणखी कमी लागते. पिकलेला टोमॅटो दाबून कापला तर चेंगरतो आणि सुरी ओढून कापला तर चकत्या नीट पडतात, याचे कारण हेच.

धार तीन प्रकारे जाते. पहिल्या प्रकारात कड एका बाजूस वळते. मऊ पोलादाच्या सुऱ्यांत हे विशेष घडते. दुसऱ्या प्रकारात कड घासली जाऊन गोल होते. तिसऱ्या प्रकारात कडेचे बारीक टवके उडतात व पात्यावर खाचा पडतात. कठीण व ठिसूळ पात्यांना हा धोका अधिक. याखेरीज आम्ल पदार्थ व ओल यांनी कड गंजून खराब होते ती वेगळीच.

पोलादाहून कितीतरी मऊ असलेल्या केसामुळे वस्तऱ्याचे पाते बोथट का होते, हे कोडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उकलले. पोलादाची सूक्ष्मरचना सर्वत्र एकसारखी नसते. केस विशिष्ट कोनात वाकून अशा एखाद्या दुबळ्या जागी टेकला की तेथे कडेचा टवका उडतो, असे त्यांना दिसले. धार केवळ हळूहळू झिजत जाते, या जुन्या समजुतीला त्यामुळे दुरुस्ती मिळाली.

पोलाद

लोखंडात कार्बनचे प्रमाण पुरेसे असेल तरच पाते कठीण करता येते. सुऱ्यांच्या साध्या कार्बन पोलादात ते साधारणतः ०.६ टक्के वा त्याहून अधिक असते. असे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम थंड केले की ते अतिशय कठीण, परंतु काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा साधारण १५० ते २५० अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. लोहार ज्याला पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतात ती हीच प्रक्रिया.

येथेच धार लावताना होणाऱ्या एका मोठ्या नुकसानीचे मूळ आहे. वेगाने फिरणाऱ्या यांत्रिक चाकावर पाते कोरडे धरले तर कड क्षणात तापते. साध्या कार्बन पोलादावर आधी गवती पिवळा व नंतर निळा रंग चढतो. निळा रंग दिसला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले व त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. अशी सुरी दुकानातून आणल्यावर एक-दोन दिवस झकास कापते आणि मग कितीही घासली तरी तिची धार टिकत नाही. दोष सुरीला दिला जातो, पण तो चाकाचा असतो. पाते वरचेवर पाण्यात बुडवणे आणि दाब हलका ठेवणे हाच यावर उपाय. निळा पडलेला भाग पूर्ण झिजवून काढल्याखेरीज चांगले पोलाद पुन्हा हाती लागत नाही.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद तयार केले आणि त्यानंतर स्वयंपाकघरातील सुऱ्यांचे स्वरूपच पालटले. स्टेनलेस म्हणवण्यासाठी पोलादात क्रोमियम किमान १०.५ टक्के असावे लागते. पात्याचा कठीणपणा रॉकवेल मापश्रेणीच्या ‘सी’ मापाने सांगतात. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ मापाच्या असतात, तर जपानी सुऱ्या ६० व त्याहून अधिक. कठीण पाते धार जास्त दिवस धरते, पण हाड, गोठलेले मांस किंवा नारळाची करवंटी यांवर चालवले तर तुटते. मऊ पाते लवकर बोथट होते आणि तितक्याच लवकर पुन्हा लावता येते. रोजच्या भाजीसाठी महागडी कठीण सुरी घेऊन ती वर्षभर न लावण्यापेक्षा साधी सुरी घेऊन महिन्याला लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दगड व इतर साधने

दगड पोलादाहून कठीण असला तरच तो पोलाद झिजवू शकतो. मोहस मापश्रेणीवर क्वार्ट्झ ७, कुरुंद ९ व हिरा १० या अंकांवर आहेत. निसर्गात मिळणारे बहुतेक चांगले निसणे क्वार्ट्झयुक्त असतात. अमेरिकेतील आर्कान्सा दगड आणि जपानमधील क्योतोच्या परिसरातील दगड प्रसिद्ध आहेत. बेल्जियममधील आर्डेन भागातील कोटिक्यूल दगडात गार्नेटचे बारीक कण असतात. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बेसाल्टाने व्यापला आहे त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसते. पाट्याच्या किंवा पायरीच्या कडेवर विळी घासली तर मऊ लोखंडाला तात्पुरती धार येते, पण कठीण पोलादावर तिचा फारसा उपयोग होत नाही, याचे हे कारण आहे.

कुरुंद हा या विषयातील विशेष शब्द आहे. या खनिजाचे युरोपीय भाषांतील ‘कोरंडम’ हे नाव भारतीय भाषांतूनच तिकडे गेले आहे. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तयार केलेली चाके रत्ने घासण्यासाठी आणि धार लावण्यासाठी भारतात पूर्वापार वापरात होती. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी सिलिकॉन कार्बाइड हा कृत्रिम पदार्थ बनवला व त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. आज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू जाड व दुसरी बारीक असलेला करडा वा काळपट दगड बहुधा याच पदार्थाचा असतो. घरगुती वापरास तो पुरेसा आहे.

दगडाचा खरखरीतपणा अंकाने दाखवतात. अंक मोठा तितके कण बारीक. २०० ते ४०० अंकाचा दगड खाचा पडलेल्या पात्यासाठी, ८०० ते १२०० अंकाचा नेहमीच्या धारेसाठी आणि ३००० पासून पुढचा शेवटच्या सफाईसाठी वापरतात. काही दगडांवर पाणी वापरतात, काहींवर तेल. एकदा तेल प्यालेल्या दगडावर पाणी नीट चालत नाही, म्हणून सुरुवातीलाच एक काय ते ठरवावे. घरात दगड नसेल तर चिनी मातीच्या बरणीच्या वा कपाच्या बुडाचे, झिलई नसलेले खरखरीत कडे वेळ भागवते. ती केवळ तडजोड नव्हे; भाजलेली चिनी माती पोलादाहून कठीण असते.

दोन चाकांच्या फटीतून सुरी ओढण्याची छोटी उपकरणे सर्वत्र विकली जातात. त्यांचा कोन ठरलेला असतो, ती गरजेपेक्षा जास्त धातू खरवडतात आणि कड ओबडधोबड ठेवतात. स्वस्त सुऱ्यांसाठी ती चालतील. जपून वापरायच्या सुरीला त्यांपासून दूर ठेवावे.

दगडावर धार लावण्याची रीत

दगड ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. पाणी शोषणारा दगड आधी पाच-दहा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोन. भाजी व फळे यांच्या सुरीसाठी प्रत्येक बाजूस सुमारे १५ अंश, सर्वसाधारण वापरासाठी २० अंश आणि हाडे तोडण्याच्या जाड सुऱ्यासाठी २५ अंश वा अधिक कोन ठेवतात. कोनमापक लावून कोणी बसत नाही. अंतराने अंदाज बांधता येतो. पाते ४० मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १० मिलिमीटर उचलली असता १५ अंशांचा व सुमारे १४ मिलिमीटर उचलली असता २० अंशांचा कोन होतो. नवशिक्याने कडेला शाईची रेघ ओढावी. दोन-चार वेळा घासल्यावर शाई केवळ वरच्या भागातून गेली तर पाते फार आडवे धरले आहे, आणि केवळ टोकावरून गेली तर फार उभे.

पाते मुठीपासून टोकापर्यंत संपूर्ण लांबीभर सारख्या दाबाने घासावे. कोन बदलू न देणे हे वेगाहून व दाबाहून महत्त्वाचे आहे. थोड्या वेळाने घासलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूस कडेवर धातूची अतिशय बारीक किनार वळून आलेली जाणवते. कारखान्यांतील कामगार तिला ‘बर’ म्हणतात. अंगठा पाठीकडून कडेच्या बाहेर आडवा नेल्यास ती खरखरते. बोट कडेच्या लांबीने कधीही फिरवू नये. बर संपूर्ण लांबीभर आली म्हणजे ती बाजू झाली. अनेकांची धार बिघडते ती नेमकी येथे, कारण बर येण्याआधीच ते बाजू बदलतात आणि दोन्ही बाजू शिखरावर मिळतच नाहीत. मग दुसरी बाजू तशीच घासून, दाब कमी करत, आलटून पालटून हलके हात फिरवतात. त्यानंतर बारीक दगड घेतात. दगडावर जमणारे काळपट पाणी म्हणजे सुटलेले पोलाद व दगडाचे कण होत. ते काम करत असतात, म्हणून सारखे धुऊन टाकू नये.

उरलेली बर काढण्यासाठी पाते चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढतात. न्हावी वस्तऱ्यासाठी करतो तीच ही क्रिया. बर राहिली तर सुरी पहिल्या दिवशी अतिशय तीक्ष्ण वाटते आणि दुसऱ्या दिवशी ती किनार मोडून बोथट होते.

धार आली की नाही हे पाहण्यासाठी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापावा किंवा टोमॅटोवर सुरी केवळ स्वतःच्या वजनाने ओढावी. प्रयोगशाळेत यासाठी आयएसओ ८४४२-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात वाळूचे बारीक कण मिसळलेला विशिष्ट कागदी पुठ्ठा पात्याने वारंवार कापून तीक्ष्णता व टिकाऊपणा मोजतात.

पोलादी सळई

खाटकांच्या व हॉटेलांतील आचाऱ्यांच्या हाती दिसणारी लांब सळई ही साणेला पर्याय नव्हे. तिचे मुख्य काम वळलेली कड पुन्हा सरळ करणे हे आहे. मऊ पोलादाच्या सुरीला ती रोज दोन-चार वेळा हलक्या हाताने लावली तर दगडाची गरज बरीच लांबते. झिजून गोल झालेली कड मात्र तिने परत येत नाही. कठीण जपानी सुऱ्यांवर खाचांची पोलादी सळई वापरल्यास टवके उडतात.

विळी

महाराष्ट्र, गोवा व बंगालमध्ये पूर्वापार सुरीपेक्षा विळीचा वापर अधिक आहे. तिला कोकणीत आदोळी व बंगालीत बोंटी म्हणतात. सुरीत पाते पदार्थाकडे नेतात, विळीत पदार्थ पात्याकडे नेतात. दोन्ही हात मोकळे राहतात व पाट पायाखाली दाबलेला असतो. धार लावतानाही हाच उलटेपणा कायम राहतो. पाते पाटाला जखडलेले असल्याने दगडच पात्याकडे न्यावा लागतो. पाते वक्र असल्यामुळे रुंद सपाट दगड त्याला थोड्याच जागी टेकतो, म्हणून अरुंद निसणा किंवा बारीक कानस सोयीची. पाट भक्कम दाबून, पात्याच्या मागील बाजूस बसून, दगड बुंध्याकडून टोकाकडे एकाच दिशेने न्यावा व हात कडेच्या समोर येऊ देऊ नये. टोकाच्या खवणीचे दाते बोथट झाल्यास प्रत्येक दात त्रिकोणी कानशीने स्वतंत्रपणे घासतात. अनेक घरांत हे कोणी करत नाही व नारळ खवणाऱ्याचे मनगट मात्र दुखत राहते.

जुन्या विळ्या साध्या लोखंड-पोलादाच्या असतात. केळफूल किंवा कच्ची केळी चिरताना त्यांतील टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन काळा रंग येतो. पात्याला व हातांना आधी तेल लावण्याची रीत त्यामुळेच पडली. चिंच, कोकम, लिंबू यांच्या संपर्कात ओले राहिलेले पाते काही तासांत गंजते. काम होताच ते धुऊन, पुसून, खोबरेलाचा हात फिरवून आडवे पाडून ठेवणे इष्ट. उघडी उभी विळी हा घरातील लहान मुलांना असलेला मोठा धोका आहे.

शिकारी सुऱ्या

शिकारीच्या सुरीला कातडे सोलणे, मांस वेगळे करणे, दोरी व काटक्या कापणे अशी मिश्र कामे करावी लागतात. म्हणून तिची धार भाजीच्या सुरीपेक्षा जाड, प्रत्येक बाजूस २० ते २५ अंशांची ठेवतात. कातडे सोलण्याच्या सुऱ्याचे पोट गोलाकार असते. ते घासताना टोकाकडे जाता जाता मूठ किंचित उचलावी लागते, अन्यथा वळणाचा भाग बोथटच राहतो. फिनलंडमधील पुक्को या सुरीच्या दोन्ही उतरत्या बाजू रुंद व सपाट असतात. त्या सरळ दगडावर टेकवल्या की कोन आपोआप साधतो, त्यामुळे शिकण्यासाठी ती उत्तम मानतात. नेपाळी खुकरीच्या म्यानात दोन छोटी उपकरणे असतात. करदा ही लहान सुरी आणि चकमक हे बोथट पोलादी पाते. चकमकीने खुकरीची वळलेली कड जागच्या जागी सरळ करतात. सळईचेच हे गिरिवनातील रूप.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी असल्याने अशा सुऱ्यांचा वापर येथे भटकंती व छावणीपुरता उरला आहे. शस्त्रविषयक नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत.

निगा

धार टिकवण्यात दगडाइतकाच वाटा फळीचा आहे. लाकडाची किंवा प्लास्टिकची फळी कडेला सांभाळून घेते. काच, ग्रॅनाइटचा ओटा व स्टीलचे ताट यांवर कापले तर चांगली धारही लवकर जाते. चिरलेली भाजी फळीवरून सुरीच्या धारेने ओढू नये, पाठीने ओढावी. खणात चमच्यांबरोबर सुटी टाकलेली सुरी प्रत्येक वेळी खण उघडताना थोडी बोथट होते व हात घालणाऱ्याचे बोटही कापते. दगडाचा मध्य वापराने खोलगट होतो. तो अधिक जाड दगडावर घासून पुन्हा सपाट करावा लागतो.

फिरते धारवाले व आरोग्य

सायकल स्टँडवर लावून, पायडल मारून पट्ट्याने साणेचे चाक फिरवणारे धारवाले शहरांच्या वस्त्यांतून ‘चाकू, सुरी, कात्री’ अशी आरोळी देत हिंडत असत. काही ठिकाणी ते अजून दिसतात. पायाने फिरवलेल्या चाकाचा वेग बेताचा असल्याने त्यावर पाते सहसा जळत नाही, हा त्या साध्या यंत्राचा विद्युत चाकावरील गुण म्हणावा लागेल.

या व्यवसायाची एक गंभीर बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकात शेफील्ड येथे वालुकाश्माच्या मोठ्या चाकांवर सुऱ्या, काटे व वस्तरे घासणारे कामगार दगडाच्या धुळीमुळे फुप्फुसांच्या रोगाने ऐन उमेदीत मरण पावत. कोरड्या चाकावर काटे घासणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. सिलिकाच्या सूक्ष्म कणांमुळे होणारा हा रोग सिलिकोसिस या नावाने ओळखला जातो व तो बरा होत नाही. विसाव्या शतकात वालुकाश्माऐवजी कृत्रिम चाके आल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला. तरीही कोरड्या चाकावर रोज काम करणाऱ्याने चाक ओले ठेवणे, नाका-तोंडावर योग्य मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा वापरणे आवश्यक आहे. उघड्या दुकानात दिवसभर चाकासमोर बसणाऱ्या कारागिरांकडे ही साधने क्वचितच आढळतात.